बिनधुराच्या रिब्ज

सुरुवातीलाच सांगून टाकतो, हा लेख डुकराच्या बरगड्यांबद्दल आहे. ज्यांना ते नावच नको वाटतं त्यांनी इथेच थांबावं, राग नाही. ज्यांना चालतं, आणि ज्यांच्याकडे अंगण, ग्रिल, स्मोकर यातलं काहीही नसून भाड्याच्या घरातला एक ओव्हन तेवढा आहे, त्यांची बाजू घेऊन आज थोडं भांडायचं आहे.

भांडण दोघांशी आहे. पहिला पक्ष अमेरिकेतल्या सोवळ्या बार्बेक्यूवाल्यांचा. (सोवळं हा शब्द डुकराच्या संदर्भात वापरतोय याची कल्पना आहे, पण दुसरा शब्द सापडत नाही. :-) ) लाकूड पाहिजे, धूर पाहिजे, शेजारी खुर्ची टाकून सहा तास बसलेला माणूस पाहिजे, तरच त्या रिब्ज. ओव्हनमध्ये केल्या म्हणालात तर हे लोक अशा नजरेने बघतात, जणू तुम्ही पुरणपोळीत जॅम भरलाय. दुसरा पक्ष बरोबर उलट टोकाचा. त्यांच्या मते रिब्ज उकळून घ्या नाहीतर फॉइलमध्ये गुंडाळा, बाटलीतला गोड सॉस ओता, घड्याळ लावा, आणि अमुक तासांनी "हाडावरून गळून पडणाऱ्या" रिब्ज तयार. नाव? बार्बेक्यू रिब्ज, अर्थातच!

माझं म्हणणं असं, की पहिले लोक नावाबाबत बरोबर आहेत आणि जेवणाबाबत चूक. दुसरे दोन्हीबाबत चूक.

आधी नावाचं बघू. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलाच्या मध्यात बसवलेली शेगडी आणि सळईवरचं पनीर डोळ्यासमोर येतं. अमेरिकेतही बऱ्याच घरांत बार्बेक्यू म्हणजे मागच्या अंगणात गॅसवर भाजलेले बर्गर. पण मूळ प्रकरण वेगळं आहे. दक्षिणेकडच्या राज्यांत जमिनीत चर खणायचा, लाकडं जाळून निखारे करायचे आणि त्यावर अख्खं जनावर रात्रभर मंद आचेवर ठेवायचं, हे काम पिढ्यानपिढ्या केलं ते बहुतांशी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी. गुलामगिरी गेल्यावर त्यांच्या वंशजांनी हीच कला शहरांत नेली. कॅन्सस सिटीचा बार्बेक्यू ज्याच्यापासून सुरू झाला असं मानतात तो हेन्री पेरी हा कृष्णवर्णीय माणूस, मूळचा मेम्फिसच्या बाजूचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो कॅन्सस सिटीत आला आणि लाकडाच्या धुरात शिजलेलं मांस वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून विकायला लागला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या चार्ली ब्रायंटकडे तो धंदा आला, मग चार्लीचा भाऊ आर्थर ब्रायंटकडे. १९७२ साली कॅल्व्हिन ट्रिलिन या मूळच्या कॅन्सस सिटीच्याच लेखकाने 'प्लेबॉय' मासिकात लिहून टाकलं, की जगातलं सगळ्यात उत्तम रेस्टॉरंट म्हणजे आर्थर ब्रायंट्स. (हो, 'प्लेबॉय'. म्हणजे काही लोक खरंच लेख वाचायला ते घेत असावेत.)

पुढे काय झालं? बार्बेक्यू टीव्हीवर गेला, स्पर्धा आल्या, महागडे स्मोकर आले, आणि ज्यांनी चरापाशी उभं राहून डोळे लाल केले ते लोक चित्रातून हळूहळू बाजूला सरकले. एड्रियन मिलरने २०२१ मध्ये 'ब्लॅक स्मोक' नावाचं अख्खं पुस्तक याच विषयावर लिहिलं. आणि दुसऱ्या बाजूला "बार्बेक्यू" हे एका तपकिरी, गोड, चिकट सॉसचं नाव होऊन बसलं. बटाट्याच्या चिप्सनासुद्धा बार्बेक्यू चव असते आता. त्या चवीत ना आग, ना माणूस, ना रात्र.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या शेतीखात्याने लेबलांसाठी जे नियम केले त्यांत हा फरक स्पष्ट लिहिलेला आहे. 'बार्बेक्यूड' म्हणायचं तर मांस जळत्या लाकडाच्या किंवा त्याच्या निखाऱ्यांच्या कोरड्या उष्णतेवर शिजायला हवं, वर तपकिरी कवच यायला हवं आणि शिजल्यावरचं वजन कच्च्याच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. तसं नसेल आणि नुसता सॉस असेल तर त्याला वेगळं नाव: 'बार्बेक्यू सॉससह पोर्क'. सरकारी बाबूने लिहिलेलं इतकं चविष्ट वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही.

तेव्हा नावाचा निकाल माझ्यापुरता लागलेला आहे. ओव्हनमधल्या रिब्जना मी बार्बेक्यू म्हणत नाही. नम्रता वगैरे काही नाही त्यात. ते एका विशिष्ट कामाचं नाव आहे आणि ते काम मी केलेलं नसतं. चुलीवरची भाकरी आणि गॅसवरची भाकरी यात आपण फरक करतोच ना? गॅसवरची भाकरी वाईट असते असं त्यामुळे कोणी म्हणत नाही.

आता जेवणाचं. इथे मात्र सोवळ्या मंडळींशी माझं जमत नाही.

पहिली गोष्ट, "मग स्मोकर घे ना" हा सल्ला कोण कोणाला देतंय ते बघा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या इंटरनॅशनल फायर कोडनुसार जळू शकणाऱ्या बाल्कनीत, किंवा जळू शकणाऱ्या बांधकामापासून १० फुटांच्या आत, कोळशाची शेगडी पेटवायला बंदी आहे. स्प्रिंकलर बसवलेल्या इमारतींना सूट आहे, आणि एक-दोन कुटुंबांची स्वतंत्र घरं तर यातून वगळलेलीच आहेत. नियम योग्यच आहे. तिथल्या अपार्टमेंट इमारती बहुतेक लाकडी सांगाड्याच्या, एका बाल्कनीतली ठिणगी पन्नास घरं घेऊन जाईल. पण परिणाम असा, की ज्याचं अंगण त्याचा धूर. ज्या पदार्थाची सुरुवात गरिबाच्या हातात पडणाऱ्या स्वस्त, हाडाळ तुकड्यांपासून झाली, तो नीट करायचा तर आता घर मालकीचं लागतं! तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने काय करावं? बाहेर जाऊन खावं, किंवा बाटलीतला सॉस ओतून समाधान मानावं, असे दोनच पर्याय सोवळी मंडळी ठेवतात. तिसरा पर्याय त्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात असतो आणि तो चांगला आहे, एवढंच मला म्हणायचंय.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, आणि माझ्या मते भांडण तिथेच संपतं.

बरगड्यांच्या मधलं मांस हा जनावराचा आयुष्यभर राबलेला भाग. प्रत्येक श्वासाला हलणारा. त्यामुळे त्यात कोलॅजन नावाचं चिवट जोडद्रव्य भरपूर. मांस तापत जातं तसं साधारण ६० अंश सेल्सियसच्या पुढे हे कोलॅजन आकसतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतं. या टप्प्यावर रिब्ज खाल्ल्या तर सायकलची ट्यूब. पण तसंच तापवत राहिलं, तर तेच कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं. ७० च्या वर हे जाणवायला लागतं आणि तापमान चढेल तसा वेग वाढतो. रिब्जच्या आतलं तापमान ९० ते ९५ अंशांपर्यंत पोचलं आणि तिथे थोडा वेळ राहिलं की चिवटपणा गेलेला असतो. पाणी तर गेलेलंच असतं, पण जिलेटिनमुळे तोंडात ते मांस रसरशीत लागतं. मऊपणाचं सगळं गुपित हेच. तापमान आणि वेळ, बस्स. त्यात धुराचं नाव कुठेही नाही.

अमेरिकेच्या शेतीखात्याने २०११ मध्ये डुकराच्या अखंड तुकड्यांसाठी सुरक्षित तापमान ७१ वरून ६३ अंश सेल्सियसवर आणलं (आणि वर तीन मिनिटं थांबायचं). चॉपसाठी उत्तम बातमी. रिब्जसाठी निरुपयोगी. ६३ अंशांवर रिब्ज खायला सुरक्षित असतात आणि चावायला अशक्य. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. सगळ्या टेस्ट पास, आणि तरी प्रॉडक्ट वापरता येत नाही.

मग धूर करतो काय? चव देतो, वास देतो, आणि मांसाच्या कडेला ती सुप्रसिद्ध गुलाबी पट्टी आणतो. ती पट्टी म्हणजे धुरातल्या वायूंची मांसातल्या रंगद्रव्याशी झालेली प्रक्रिया. तिला स्वतःची चव काहीच नाही. चव आणि वास मात्र खऱ्या आहेत, त्या ओव्हनमध्ये येत नाहीत, आणि त्या येत नाहीत हे मान्य करण्यात कमीपणाही नाही. पण आता घरगुती स्मोकरवाल्यांचं लाडकं सूत्र बघा: ३-२-१. तीन तास धुरात, दोन तास फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून, शेवटचा एक तास उघडं ठेवून सॉस लावत. मधल्या त्या दोन तासांत काय होतं? फॉइलच्या आत धुराचा एक कणसुद्धा जात नाही. लाकूड तिथे फक्त उष्णतेचा पुरवठादार असतं. मांसाला ती उष्णता ओकच्या ओंडक्याची आहे की विजेच्या कॉइलची, हे कळायला काही मार्ग नाही. म्हणजे ज्या टप्प्यात रिब्ज खऱ्या अर्थाने मऊ होतात, तो टप्पा सोवळी मंडळीसुद्धा ओव्हनमध्येच करतात. त्यांचा ओव्हन अंगणात असतो आणि त्यात लाकूड घालावं लागतं, इतकंच.

आणि मंद आच, तासन्तास थांबणं हा काही एकमेव धर्म नाहीये. मेम्फिसच्या 'रॉन्देव्हू'च्या कोरड्या मसाल्याच्या रिब्ज जगप्रसिद्ध आहेत. चार्ली व्हर्गोसने १९४८ साली सुरू केलेलं ते रेस्टॉरंट. तिथे रिब्ज कोळशाच्या आचेवर थेट भाजतात, अर्धा दिवस धुरात ठेवत नाहीत. मेम्फिसला जाऊन त्यांना कोणी "हा बार्बेक्यू नव्हे" म्हणून दाखवावं.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण खरं नुकसान तिकडे होतं.

रिब्ज आधी पाण्यात उकळून घ्या, हा सल्ला इतक्या लोकांनी इतक्या वर्षांत दिलाय की तो नियमच वाटतो. मराठी माणसाला तरी हे पटू नये. आपण मटण हळद-मीठ घालून शिजवतो तेव्हा त्या पाण्याचं काय करतो? अळणी म्हणून वाटीत घेऊन पितो. कोल्हापूरचा पांढरा रस्सा त्याच पाण्यावर उभा असतो. म्हणजे चव कुठे जाते हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. उकळलेल्या रिब्जचं ते पाणी लोक सिंकमध्ये ओततात, आणि मग उरलेल्या चोथ्यावर साखरेचा सॉस चोपडून चव आणायचा प्रयत्न करतात.

कुकरचं काय, हा प्रश्न येणारच. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे कोलॅजन अर्ध्या तासाच्या आत शरण येतं. खाली जाळी ठेवून, मांस पाण्यात न बुडवता केलं तर चवही फारशी जात नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. कुकर मध्येच उघडून बघता येत नाही. शिट्ट्या मोजता येतात, पण शिट्टी म्हणजे शिजल्याची खूण नव्हे, फक्त अंदाज. रिब्जच्या बाबतीत "अजून चिवट" आणि "लगदा" यांच्यातली खिडकी कुकरमध्ये काही मिनिटांची असते. ओव्हनमध्ये तीच अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि दार उघडून बघायला कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणूनच "अमुक तास" सांगणाऱ्या पाककृतींवर माझा विश्वास नाही. रिब्ज दोन तऱ्हेच्या मिळतात. बेबी बॅक म्हणजे पाठीच्या कण्याकडच्या, आखूड, कमी चरबीच्या. (बेबी म्हणजे पिल्लाच्या नव्हेत. आकारावरून नाव पडलंय.) स्पेअर रिब्ज म्हणजे खालच्या, पोटाकडच्या, लांब, चरबीदार. त्यांच्याच टोकाची कूर्चा आणि लोंबतं मांस कापून चौकोनी पट्टी केली की तिला सेंट लुई कट म्हणतात. या दोघींचा वेळ वेगळा. त्यात एक पट्टी पाऊण किलोची, दुसरी सव्वा किलोची. त्यात तुमचा ओव्हन खोटारडा. हो, ओव्हन खोटं बोलतात. पॅनेलवर १३५ लिहिलेलं असतं तेव्हा आत १२० असू शकतं किंवा १५० असू शकतं, शिवाय थर्मोस्टॅट चालू-बंद होताना वर-खाली होतं ते वेगळंच. आत लटकवायचा साधा ओव्हन थर्मामीटर स्वस्तात मिळतो, तो घ्या. इतक्या सगळ्या बदलत्या गोष्टी असताना "बरोबर तीन तास" कोणत्या हिशोबाने सांगतात? एस्टिमेट म्हणून ठीक आहे. एस्टिमेटला डेडलाइन समजून मॅनेजर वागतात, स्वयंपाक करणाऱ्याने वागू नये.

मी करतो ते असं.

आदल्या रात्री पट्टी उलटी करून हाडांच्या बाजूचा पातळ, चकचकीत पापुद्रा काढायचा. एका टोकाला चमच्याची दांडी खाली घालून थोडा उचकटायचा, मग पेपर टॉवेलने पकडून ओढायचा. नशीब असेल तर एका दमात निघतो. हा पापुद्रा शिजून मऊ होत नाही, आणि मसालाही आत जाऊ देत नाही. मग फक्त मीठ, दर किलोला साधारण एक मोठा सपाट चमचा जाडं मीठ, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. मीठ आत मुरतं, बाकीचे मसाले मुरत नाहीत, ते कितीही चोळले तरी पृष्ठभागावरच राहतात. त्यामुळे ते सकाळी लावले तरी चालतं. ब्राऊन शुगर, पापरिका, मिरी, लसूण पावडर, थोडी मोहरी पावडर. पापरिकातली अर्धी मी स्पेनची धुरावर वाळवलेली घेतो. ओव्हनमधल्या रिब्जमध्ये खऱ्या लाकडाचा वास आणायचा हा त्यातल्या त्यात प्रामाणिक रस्ता.

बाटलीतला लिक्विड स्मोक मी घालत नाही. तो काही निव्वळ रसायनांचा बनाव नव्हे, खरा धूर थंड करून पकडलेला अर्क असतो. कॅन्सस सिटीच्याच अर्नेस्ट राइट नावाच्या औषधविक्याने तो १८९५ मध्ये बाजारात आणला. पण एक थेंब जास्त पडला की सगळ्या जेवणाला राखेच्या बादलीचा वास येतो. शिवाय युरोपियन युनियनने २०२४ मध्ये तपासणीला आलेल्या धुराच्या अर्कांची परवानगी, जनुकांना इजा होण्याच्या शक्यतेवरून, पुढे चालू न ठेवण्याचा निर्णय घेतला. ज्यांना आवडतो त्यांनी आपापलं ठरवावं.

ओव्हन १३५ अंशांवर (म्हणजे फॅरनहाइटमध्ये २७५). पंख्याचा ओव्हन असेल तर १५ अंश कमी. पट्टी फॉइलच्या दुहेरी थरात घट्ट गुंडाळायची, हाडं खाली, आणि ट्रेवर ठेवून द्यायची. गुंडाळायची कशासाठी? उघडं मांस तापताना त्यावरचं पाणी वाफ होऊन जातं आणि मांसाला थंड करतं, अगदी आपल्या घामासारखं. त्यामुळे ७० अंशांच्या आसपास तापमान तासन्तास अडकून बसतं. स्मोकरवाले याला 'स्टॉल' म्हणतात आणि त्याच्या कहाण्या सांगतात. फॉइलमध्ये वाफ बाहेरच जाऊ शकत नाही, त्यामुळे विषय संपला. इंग्रजीत सगळ्यालाच 'कुक' म्हणतात, पण आपल्याकडे शिजवणं वेगळं आणि भाजणं वेगळं. हा पहिला टप्पा शिजवण्याचा. भाजणं नंतर.

बेबी बॅक असतील तर दोन तासांनी, सेंट लुई असतील तर अडीच-पावणेतीन तासांनी पहिल्यांदा बघायचं. बघायचं म्हणजे काय? हाडांच्या टोकांवरून मांस अर्धा-एक सेंटीमीटर मागे सरकलेलं दिसतं का. दोन हाडांच्या मधे टूथपिक घातली तर लोण्यात गेल्यासारखी जाते का, की रबर लागतं. थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता ९० च्या वर आकडा येतो का. रबर लागलं तर फॉइल पुन्हा बंद, आणखी वीस मिनिटं. पुन्हा लागलं तर पुन्हा वीस. पाहुणे आले, पोटात कावळे ओरडतायत, तरीही. सहाला तयार व्हायच्या असतील तर पाचला तयार होतील असा बेत करावा. झालेल्या रिब्ज फॉइलमध्ये तासभर सहज गरम राहतात. न झालेल्या रिब्जला कोणी काही करू शकत नाही.

फॉइल उघडताना आतला रस सांडू देऊ नका. तेच ते आपलं अळणी! वाटीत ओतायचं, वरची चरबी चमच्याने काढायची, आणि छोट्या पातेल्यात उकळून निम्मं करायचं. सॉस विकतचा असला तरी चालेल, या रसात मिसळला की त्याचा बाटलीपणा जातो. व्हिनेगरचा एक चमचा वरून, कारण बहुतेक बाटल्यांतला सॉस जेवणापेक्षा मिठाईच्या जवळ असतो. हा सॉस अगदी शेवटी लावायचा. साखर लवकर जळते आणि जळलेली साखर कडू लागते. उघड्या पट्टीवर पातळ थर, ओव्हनमध्ये दहा मिनिटं, परत पातळ थर, परत दहा मिनिटं. मग वाटलं तर वरच्या आचेखाली, म्हणजे ब्रॉयलरखाली, दोन-तीन मिनिटं. या दोन-तीन मिनिटांत मोबाइल हातात घ्यायचा नाही. ओव्हनच्या रिब्जमध्ये खरा धूर यायची एकच वेळ असते ती हीच, आणि तो स्मोक अलार्मला आधी कळतो.

आता "गळून पडणाऱ्या"बद्दल. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत हाड उचलताच मांस गळून पडलं तर परीक्षक त्या रिब्ज जास्त शिजल्या असं धरतात. चावा घेतला की तेवढंच मांस सुटलं पाहिजे, बाकीचं हाडाला राहिलं पाहिजे, दातांचा आकार दिसला पाहिजे. (याच सोसायटीच्या स्पर्धेत विजेची किंवा गॅसची आच चालत नाही. म्हणजे माझ्या रिब्जना तिथे प्रवेश नाही, पण नियम मी त्यांचाच पाळतो.) मला हे मनापासून पटतं, आणि त्यासाठी कॅन्ससला जायची गरज नाही. नळी ओढणारा, हाड चघळणारा माणूस जेवताना नुसता मऊपणा शोधत नसतो. मटण दाताला लागलं पाहिजे असं आपल्या घरांत म्हणतात, ते काय उगीच? लुसलुशीत वेगळं आणि गिचका वेगळा. हाड आपोआप निघून हातात आलं तर मग बरगडी घेतलीच कशाला, बिनहाडाचं मांस स्वस्त पडलं असतं.

ज्यांना गळून पडणाऱ्याच आवडतात त्यांनी फॉइलमध्ये आणखी अर्धा तास ठेवाव्यात. चवीला कोर्ट नाही. फक्त तो कौशल्याचा पुरावा आहे असं सांगत फिरू नये, कारण तिथपर्यंत पोचायला विसरभोळेपणा पुरतो.

पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात करणाऱ्यांसाठी थोडंसं. ओटीजीमध्ये हे सगळं जसंच्या तसं होतं, पट्टी मावत नसेल तर मधोमध कापून दोन पुडे करायचे. दुकानात मात्र आधी सांगून ठेवा की पट्टी अखंड हवी, नाहीतर सवयीने करीचे तुकडे करून मिळतील. ओटीजीच्या वरच्या कॉइल फार जवळ असतात, त्यामुळे शेवटची भाजणी दोन मिनिटांच्या पुढे नेऊ नका.

आणि एक. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तशाच राहू द्या. मग कापताना पट्टी उलटी करा, हाडांची बाजू वर. सॉसच्या बाजूने हाडं दिसत नाहीत, सुरी हाडावर आपटत राहते. उलटीकडून प्रत्येक हाड स्पष्ट दिसतं, दोघांच्या मधून सुरी सरळ खाली जाते.